पाटोळे गार्डांचा लोभ

सर्व खवय्ये, मिठाईवाले, पथ्यावरचे रुग्ण आणि रेल्वेचे आजी-माजी कर्मचारी यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात, जयपूर शहरात, भर सकाळी, एका मराठी माणसाने मावा कचोरीसमोर डोळे मिटले, डोळे उघडले, आणि कचोरी खाल्ली नाही. एवढ्या मोठ्या घटनेची दखल एकाही वर्तमानपत्राने घेतली नाही. इतिहासाची ती चूक मी आज दुरुस्त करतो आहे. त्या न खाण्यात एका माकडाचाही थोडा हात होता, हे आधीच कबूल करतो. पण माकड आपल्या जागी येईल. आधी माणूस.

माणसाचं नाव शमुवेल भास्कर पाटोळे. मूळचे नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, हुद्दा पॅसेंजर गाडीचे गार्ड. बनी पार्काला लागून असलेल्या रेल्वे कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत होती. मी तेव्हा पंचविशीतला, साताऱ्याहून नुकताच आलेला, रेल्वेच्या स्टोअरमधला कारकून. मला झेंड्या, कंदील, शिट्ट्या मोजायचा पगार मिळायचा. पाटोळेसाहेबांना त्या वापरायचा. तेव्हा मोठा कोण, हे सांगायची गरज नाही.

पांढरा शुभ्र गणवेश, त्याला इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं. ते प्लॅटफॉर्मवरून निघाले की पोट आधी स्टेशनात शिरायचं, साहेब मागून यायचे. गळ्यातली शिट्टी घरीसुद्धा उतरत नसे. एक आखूड फुंकर म्हणजे मुलगी करुणा हिने जेवायला यावं. दोन फुंकरा म्हणजे रूथवहिनींनी आणखी वाढावं. कॉलनीतले लोक त्यांच्या दोन फुंकरांवर घड्याळं लावत.

"मोरे, एक लक्षात ठेवा राव," ते मला सांगायचे. "इंजिन कितीबी मोठं असू द्या. गाडी सुटती ती शेवटच्या डब्यातल्या माणसाच्या झेंडीवर."

हे सांगताना त्यांची छाती पोटाच्या बरोबरीला यायची. एरवी ते जमत नसे.

त्यांच्या घरात एक नियम होता. प्रार्थना झाल्याशिवाय घास नाही. चहासोबतचा टोस्टसुद्धा डोळे मिटून, दोन वाक्यं देवाशी बोलून मगच बुडायचा. मी एकटा जीव, आठवड्यातून चार वेळा त्यांच्याकडे जेवणारा. मलाही सवय लागली. साताऱ्याला गेलो तेव्हा ताटासमोर डोळे मिटून बसलो, आणि आईला वाटलं, पोराला चक्कर आली.

माझ्या एकादशीची मात्र ते यथेच्छ टवाळी करायचे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू असं माझं तपाचरण मांडलं की दारातूनच म्हणायचे, "तुमचा उपास बघून माझं पोट दुखाया लागलं राव!" आणि आत येऊन त्या तपात वाटेकरी व्हायचे.

आता मावा कचोरी. नावाला कचोरी, पण तिखटाशी संबंध नाही. आत खवा, बाहेर पाक. हातात धरली की ओघळ कोपरापर्यंत. बनी पार्काच्या नाक्यावर भंवरलालजी नावाचे एक मिशाळ गृहस्थ ती करत. पाटोळेसाहेब ड्यूटीवर जाताना तिथे थांबत, आणि येताना थांबत. घरी मात्र "आज काय बी खाल्लं नाही, लई भूक लागलीया" म्हणत दोन फुंकरा मारत. हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. दारू नाही, तंबाखू नाही, पानसुद्धा नाही. कॉलनीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण देत. उदाहरण आतून पाकात भिजत होतं.

त्याच सुमारास नगरहून सुलोचनाअक्कांचं कार्ड आलं. अक्का म्हणजे साहेबांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, अक्कांनीच वाढवलं. मी बसलेलो असताना करुणा ते मोठ्याने वाचत होती. पोरगी सोळा वर्षांची, जयपुरात वाढलेली, हिंदी शाळेत शिकलेली. मराठी वाचायची ती अनोळखी जिन्यावरून उतरल्यासारखी, एकेक पायरी चाचपत. शेवटच्या ओळीवर अडली.

"पप्पा, आत्या ऐसा क्यूँ लिहिते? 'लोभ असावा.' मतलब लालच करा?"

साहेब असे हसले की शिट्टी पोटावर उड्या मारायला लागली.

"अगं येडे, आपल्यात लोभ म्हंजी माया! माया असू द्या, असं म्हणतीया ती."

"हिंदी में तो पाप असतो."

"आपल्या शास्त्रात बी पापच," रूथवहिनी आतून म्हणाल्या. त्या मोजकं बोलत, आणि ते लागायचं तिथे लागे. "पण तुझ्या पप्पांचे दोन्ही लोभ एकाच घरात नांदत्यात."

साहेब हसायचे थांबले. मला वाटलं, पंख्याचा आवाज आहे, म्हणून ऐकू आलं नसेल. ऐकू आलं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला गार्डांची ठरलेली डॉक्टरी तपासणी झाली आणि साहेबांच्या रक्तात साखर सापडली. थोडीथोडकी नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर न करता सांगितलं: तीन महिने. जानेवारीत पुन्हा तपासणी. साखर उतरली नाही, तर पाटोळे गाडीवरून उतरणार आणि पार्सल ऑफिसात टेबलावर बसणार.

त्या संध्याकाळी ते आमच्या पायरीवर बसून राहिले. अंगावर गणवेश तसाच.

"मोरे, टेबलावर बसून मी झेंडी कुणाला दाखवू? पंख्याला?"

मी धीर दिला. म्हटलं, साहेब, मनात आणलंत तर काय अवघड आहे. ते म्हणाले, "व्हय, मनात आणलं तर." दुसऱ्या दिवशी वहिनींनी घरातली साखर शेजारी दिली, आणि साहेबांनी नाक्यावर एकाऐवजी दोन कचोऱ्या बांधून घेतल्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. बंदी आली की भूक दुप्पट होते म्हणे.

बांधून घेतलेला पुडा जायचा कुठे? तर लाइन बॉक्समध्ये. ही गार्डाची काळी लोखंडी पेटी. तिच्यात झेंड्या, कंदील, धुक्यात रुळावर वाजवायचे फटाके, प्रथमोपचाराचं सामान. रेल्वेच्या नियमांत त्या पेटीत काय असावं याची यादी आहे. मिठाई तिच्यात नाही, आणि गार्डाशिवाय ती पेटी कुणी उघडत नाही. ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे अगदी शेवटच्या डब्यात, साहेब एकटे. दोन स्टेशनांच्या मधे पुडा उघडायचा, संपवायचा, हात पुसायचे. कशाला पुसायचे? हिरवी झेंडी प्रत्येक स्टेशनावर लागते, ती स्वच्छ हवी. लाल क्वचित लागते, म्हणून लालला.

तर एके दिवशी एका लहानशा स्टेशनावर गाडी सुटली. साहेबांनी शिट्टी दिली, हिरवी दाखवली, गाडी हलली. तेवढ्यात पुढच्या डब्यापाशी एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं, एक पाय पायरीवर आणि एक पाय खाली. साहेबांनी झटकन लाल झेंडी काढून बाहेर धरली आणि झटकली. उघडेना. पुन्हा झटकली. महिनोन्महिन्यांचा पाक वाळून तिचं लाकूड झालं होतं! फायरमन मागे बघत होता, आणि गार्ड त्याला एक लाल दांडकं दाखवत होता. साहेब आत धावले, व्हॅक्यूम ब्रेकचा दांडा खेचला. गाडी जागच्या जागी थांबली. म्हातारीला खरचटलंसुद्धा नाही. ती तोपर्यंत डब्यात पोचली होती, आणि धक्का बसल्याबद्दल गार्डाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

मला हे कळलं ते असं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक मागणीपत्र आलं. साहेबांचं अक्षर मोत्यासारखं. "लाल झेंडी, एक. बदलण्याचे कारण: पाकाने चिकटली. दोष माझा."

झेंडी बदलून द्यायची आमच्याकडे तीनच कारणं होती: फाटली, हरवली, विटली. मी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणालो, "साहेब, 'विटली' लिहा ना. कोण विचारतंय?"

"विटलो मी हाये मोरे, झेंडी न्हाई," ते म्हणाले. "तसंच राहू द्या."

कागद तसाच वर गेला. वरच्या साहेबांनी त्यांना उभं करून घेतलं, ताकीद दिली, ती फाइलला लागली. पाटोळेसाहेबांनी ऐकून घेतलं, सलाम केला आणि बाहेर आले. मी खिडकीतून बघत होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिला डाग, तोही स्वतःच्या अक्षरात मागून घेतलेला. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला त्याचं कारण सांगता आलं नसतं. पण मी स्टोअरमधली सगळ्यात लाल झेंडी शोधून त्यांना दिली. जुनी नियमाप्रमाणे रद्द मालात टाकली.

तिथून ते थेट पादरीसाहेबांकडे गेले, आणि मला ओढत नेलं. "एकटा गेलो तर मी अर्धंच सांगीन," म्हणाले. पादरीसाहेब म्हणजे सत्तरीचे, काडीसारखे, हिंदी बोलणारे गृहस्थ. पाटोळेसाहेबांनी सगळं सांगितलं आणि शेवटी जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले, मी तर कधी दारूला शिवलो नाही.

"पाटोळेजी," म्हातारा म्हणाला, "शराबी को तो पूरा मोहल्ला पहचान लेता है। मिठाई खानेवाले को सब दावत पर बुलाते हैं।" मग चष्मा पुसत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "उस कचोरी से पहले प्रार्थना करते थे?"

 परतताना साहेब मधेच सायकल धरून उभे राहिले.

"न्हाई केली मोरे. एकदाबी न्हाई. घरात पाण्याच्या घोटाला डोळं मिटणारा मी, तिथं उघडं ठेवून खात हुतो. कुणी बघतंय का, ते बघायला. म्हंजी माझ्या जिवाला ठावं हुतं. प्रार्थनेत रोज रोजची भाकर मागायची, आन् खायाची आठवड्याची!"

मग त्यांनी नियम केला. गार्डच तो, नियमाशिवाय गाडी कशी चालेल? नियम असा: कचोरी खायची नाही असं नाही. पण नाक्यावर उभं राहून, सगळ्यांसमोर, डोळे मिटून, मोठ्याने मराठीत प्रार्थना करायची. त्यानंतरही खावीशी वाटली तर खुशाल खायची. "ज्या घासाआधी डोळं मिटवत न्हाई, त्यो घास चोरीचा," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी आख्खा नाका जमला. पाटोळेसाहेब हातात द्रोण घेऊन उभे, डोळे गच्च मिटलेले, आणि खणखणीत आवाजात: "हे परमेश्वरा, ही कचोरी बघ. मी हिच्याहून मोठा का ही माझ्याहून मोठी, त्ये तूच ठरीव. माझ्यानं न्हाई ठरत." भंवरलालजींना मराठीचा गंध नाही. त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"बाबूजी, ये म्हारी कचोरी नै गाली दे रिया है के?"

शिव्या नाहीत, प्रार्थना आहे, हे सांगायला मी तोंड उघडण्याआधीच वरच्या पत्र्यावरून एक माकड उतरलं, गार्डसाहेबांच्या हातातला द्रोण शांतपणे घेतला आणि पत्र्यावर जाऊन खायला बसलं. साहेबांनी 'आमेन' म्हणून डोळे उघडले. रिकाम्या हाताकडे बघितलं. पत्र्याकडे बघितलं.

"लई लवकर उत्तर दिलंस की रे देवा!" ते म्हणाले, टोपी सारखी केली आणि ड्यूटीवर निघून गेले. सांगा, कृपया उभे राहून सांगा, अशी घटना मराठी माणसाच्या इतिहासात दुसरी आहे का?

पण माकड रोज येत नाही. काही दिवशी ते खायचे आणि मान खाली घालून घरी येऊन सांगायचे. लपवायचं नाही, एवढं मात्र पाळलं. वहिनी रागावत नसत. "सांगितलंत ना? मग झालं. उद्या परत," म्हणत आणि ज्वारीची भाकरी वाढत. ज्वारी नगरहून पोत्याने येई. शिट्टीच्या दोन फुंकरा त्या घरातून बंद झाल्या, आणि कॉलनीची घड्याळं चुकायला लागली.

डिसेंबर आला आणि नाताळचा फराळ आला. जयपुरातले इतर ख्रिस्ती केक करत. पाटोळ्यांकडे नगरच्या रीतीने करंज्या, शंकरपाळे, अनारसे. वहिनींनी विचारलं, या वर्षी नको करायला? साहेब म्हणाले, "माझ्यापायी पोरीचा सण का बुडवता?" करंज्यांचा डबा भरला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी उन्हाला म्हणून गच्चीवर गेलो. वाळत घातलेल्या रजयांच्या मागे कुणीतरी होतं. पाटोळेसाहेब. मांडीवर डबा, गाल फुगलेले, मिशीला खोबरं.

मी पाय मागे घेतला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. तो हात मी ओळखतो. गाडी थांबवायचा हात.

"जाऊ नका," भरल्या तोंडाने ते म्हणाले. "बघा माझ्याकडं. न बघितल्यानंच वाढलंय हे."

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी मिशीवरचं खोबरं पुसलं. मग म्हणाले, "आई गेली ना, तवा मी सहा वर्षांचा. रडाया लागलो की अक्का माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. तिच्याकडं दुसरं काय हुतं? तवापासून जीव दुखला की मी हात पुढं करतो. जयपुरात तिचा हात कुठं? मग कचोरी." पुढे म्हणाले, "रूथ म्हणली ते खरं हाये. दोन लोभांची गल्लत झाली राव. माझं जे खरं दुखतंय, त्ये देवाला कधी सांगितलंच न्हाई. नुसतं 'या अन्नाला आशीर्वाद दे' म्हणत बसलो."

तिथेच त्यांनी डोळे मिटले. या वेळी मोठ्याने नाही. ओठ हलत होते, मधेच 'अक्का' असं ऐकू आलं. मी साताऱ्याचा एकादशीवाला, पण मीही डोळे मिटले. उघडले तेव्हा ते डब्याचं झाकण लावत होते.

"आता साहेब, तपासणी?" मी विचारलं. तिला जेमतेम दोन आठवडे उरले होते.

"घसरलेली गाडी तिथंच टाकून कोणी घरी जातं व्हय? जॅक लावायचा, रुळावर घ्यायची, म्होरं जायाचं." आणि डबा काखेत मारून ते वहिनींना सांगायला खाली उतरले. जिन्यावरून त्यांचा आवाज आला, "रूथ, सात खाल्ल्या. मोरे साक्षीदार हायेत!" डब्यातल्या रिकाम्या जागेवरून मी पाच मोजल्या होत्या. दोन त्यांनी स्वतःहून कबूल केल्या.

जानेवारीत तपासणी झाली. त्या सकाळी गणवेश एवढा सैल झाला होता की वहिनींनी पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडून दिली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मान वर करून माणूस बघितला, पुन्हा कागद बघितला. साखर गेली नव्हती. ती पुरती जात नसते. पण हद्दीत आली होती, आणि गाडीवर राहायला तेवढी पुरे होती. साहेब कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि गळ्यातली शिट्टी वाजवली. एक, लांब. आख्खं स्टोअर उठून उभं राहिलं. हेडक्लार्कसुद्धा, जो अधिकाऱ्यांसाठीही अर्धाच उठायचा.

पादरीसाहेबांनी सांगितलं, रविवारी साक्ष द्या. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. साहेब घाबरले. देवासमोर मराठी चालते, मंडळीसमोर हिंदी लागणार. माझ्याकडे येऊन म्हणाले, "ती जुनी झेंडी मिळंल का? रिकाम्या हातानं मला बोलता येत न्हाई." रद्द मालातून ती मी काढून दिली. गुन्हा आहे, आता निवृत्तीच्या आसपास कबूल करायला हरकत नाही.

माझ्या बदलीचा हुकूम त्याच आठवड्यात आला होता. सोमवारी मी निघालो तेव्हा साहेब ड्यूटीवर, दुसऱ्याच दिशेला गेलेले. म्हणून मला ते शेवटचे दिसले ते त्या रविवारीच. लहानसं चर्च, गच्च भरलेलं. पहिल्या बाकावर वहिनी आणि करुणा. शेवटच्या बाकावर मी, आणि माझ्या शेजारी, जोडे हातात धरून, भंवरलालजी. साहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं: "तुमच्यासमोर खाल्लं, तुमच्यासमोरच सांगतो."

आणि ते बोलले. पांढरा गणवेश, समोर टेबलावर ती ताठ, डाग पडलेली झेंडी. म्हातारी सांगितली, पेटी सांगितली, माकड सांगितलं, रजया सांगितल्या. "ताकद मेरी नहीं थी," म्हणाले, "मैंने बस छुपाना छोड़ा। बाकी उसने किया।" व्याकरण नगरचं होतं, पण लोक रडत होते आणि हसत होते. भंवरलालजींनी मिशा पुसल्या. आपलं माणूस परमुलखात, परभाषेत, आपल्या सगळ्यात लाजिरवाण्या गोष्टीवर ताठ उभं राहून बोलतंय. माझी मान अशी वर गेली होती की मागच्या भिंतीला टेकली.

मग शेवट करायची वेळ आली. आता पत्राचा असो की भाषणाचा, नगरच्या माणसाच्या तोंडी शेवटाला जे आपोआप येतं, तेच आलं. साहेबांनी हात जोडले, डोळे भरून आले, आणि लोभाच्या पापाबद्दल अर्धा तास बोलून झाल्यावर त्या हिंदी मंडळीला ते गहिवरून म्हणाले,

"बस, आप सबका लोभ है, वह ऐसा ही बढ़ता रहे, यही बिनती!"

 पादरीसाहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. आणि पहिल्या बाकावरून करुणा ताडकन उठली, टेबलाकडे बोट करून ओरडली,

"पप्पा! लाल झंडी! लाल झंडी!"